जुन्या विमानाची नोंदवही



तंजावर हे लिहून ठेवणाऱ्यांचे शहर आहे. इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर देवाला अर्पण केलेल्या दागिन्यांची आणि भांड्यांची वजने कोरलेली आहेत. ती कोणी अर्पण केली हेही तेथे नमूद आहे. त्याच मंदिरात १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले कुळाचा वृत्तान्त मराठीत कोरवून घेतला. वस्तू आपल्या स्वाधीन असली तरी तिचा हिशेब पुढच्या माणसाला द्यावयाचा असतो, ही जाणीव या गावात फार जुनी आहे. आजचा विषय वरवर पाहता या गोष्टीपासून फार दूरचा वाटेल. तो आहे जुन्या लहान विमानाची निगा, दुरुस्ती आणि विक्री. परंतु या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी हीच जाणीव आहे.

तंजावरला विमाने नवी नाहीत. येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. पुढे काही काळ ‘वायुदूत’ची छोटी प्रवासी विमाने येथे येत असत. २०१३ मध्ये हवाई दलाचा तळ येथे सुरू झाला आणि जानेवारी २०२० मध्ये सुखोई-३० विमानांचे एक पथक येथे दाखल झाले. अशा लढाऊ विमानामागे तंत्रज्ञांची मोठी फौज उभी असते. दोन किंवा चार आसनांच्या खाजगी विमानामागे मात्र एक मालक, एक परवानाधारक अभियंता आणि एक नोंदवही एवढेच असते. ही तिघे प्रामाणिक असतील तर विमान सुखरूप उतरते. त्यांपैकी एक जरी लबाड निघाला, तरी त्याची किंमत बहुधा तिसराच कोणी मोजतो.

प्रथम एका प्रश्नाचा विचार करू. विमान जुने झाले म्हणजे काय झाले? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पुस मॉथ जातीच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, टाटांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा एकट्याने केले. या वेळी विमान लेपर्ड मॉथ जातीचे होते. या जातीची विमाने १९३३ ते १९३६ या काळातच बांधली गेली. म्हणजे ते विमान निदान सेहेचाळीस वर्षांचे होते. त्याचा सांगाडा प्लायवूडचा. लाकडाचे एक यंत्र अर्धशतकाच्या उंबरठ्यावर असताना समुद्रकाठाने शेकडो मैल उडते, याचा अर्थ एवढाच की विमानाचे वय वर्षांत मोजून भागत नाही. त्याचा प्रत्येक भाग आपापल्या वयाने जगत असतो. कापड एका गतीने म्हातारे होते, लाकूड दुसऱ्या, तर इंजीन तिसऱ्याच गतीने. निगा म्हणजे या निरनिराळ्या वयांचा हिशेब ठेवणे.

कावेरीच्या खोऱ्यासारख्या प्रदेशात हा हिशेब अधिक काटेकोरपणे ठेवावा लागतो. जुन्या लहान विमानांचे पंख पुष्कळदा कापडाने मढवलेले असतात. ताग्याच्या जातीच्या किंवा सुती कापडावर ‘डोप’ नावाचे रोगण चढवले की ते ढोलकीच्या पानासारखे ताणून बसते. उन्हातील अतिनील किरण ते कुजवतात, आणि पंखाची वरची बाजू खालच्या बाजूच्या आधी जीर्ण होते. म्हणून अनुभवी तपासनीस कापडाची परीक्षा वरून करतो. रंग किती चकाकतो हे न पाहता कापड किती दाब सोसते ते उपकरणाने मोजतो. पुढे पॉलिएस्टरचे कापड आले आणि ते पुष्कळ अधिक टिकते. परंतु नवे कापड जुन्या लाकडावर चढवले तर लाकूड काही तरुण होत नाही.

लाकडाचा खरा शत्रू पाणी. पंखाच्या मागील कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती धुळीने बुजली, की ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पावसाचे पाणी आत साठून राहते. जुन्या काळी सांधे जोडण्यासाठी दुधातील केसीनपासून बनवलेला सरस वापरीत. ओल लागली की त्यावर बुरशी धरते आणि सांधा बाहेरून शाबूत दिसत असतानाच आतून सुटतो. १९४४ मध्ये मॉस्किटो या लाकडी युद्धविमानांचे पंख भारतात हवेतच निखळल्याच्या घटना घडल्या. आरंभी सारा दोष येथील हवेवर ठेवण्यात आला. चौकशीत मात्र सांध्यांच्या बांधणीतील उणिवाही उघडकीस आल्या. दमट हवा नवा दोष निर्माण करतेच, पण कारागिराने झाकलेला दोषही ती उघडा पाडते.

पोलादी नळ्यांचा सांगाडाही निर्धास्त नसतो. शेपटीकडील खालच्या नळ्यांत ओलावा उतरतो आणि गंज आतून बाहेर येतो. रंगाचा थर शेवटपर्यंत सुरेख दिसतो. म्हणून जुने कारागीर नळीत जवसाचे कढत तेल फिरवून मग ती बंद करीत. तपासणीच्या वेळी टोकदार हत्याराने नळी ठोकून पाहत. याशिवाय आपल्याकडे एक छोटा शत्रू आहे: कुंभारीण माशी. हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाच्या वेगमापकाच्या नळीत ती मातीचे घर बांधते. नळीचे तोंड टोपीने झाकावयाचे एकदा राहून गेले, तर पुढच्या उड्डाणात वैमानिकाला वेगाचा काटा खोटे सांगू लागतो.

आता इंजिनाकडे वळू. सामान्य समजूत अशी की यंत्र जितके कमी वापरावे तितके ते जास्त टिकते. विमानाच्या इंजिनाच्या बाबतीत हे खरे नाही. इंजीन महिनोन्महिने उभे राहिले, की आतील भागांवरचे तेल ओघळून खाली बसते आणि उघड्या पडलेल्या पोलादावर गंज चढतो. अधूनमधून दहा मिनिटे जमिनीवर इंजीन चालवून पाहणे हा तर आणखी वाईट उपाय; कारण तेवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही आणि ज्वलनातून उत्पन्न झालेले पाणी त्यातच राहते. म्हणून विकाऊ विमान ‘फारच थोडे उडालेले’ आहे असे कोणी अभिमानाने सांगू लागला, तर ऐकणाऱ्याने सावध व्हावे.

इंजिनाची नाडी पाहण्याच्या रीती सोप्या आहेत. सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा भरतात आणि ती किती निसटते हे मोजतात. सुस्कारा धूर जाण्याच्या नळीतून ऐकू आला तर बाहेरची झडप गळते. कार्ब्युरेटरकडून आला तर आतली. आणि तेलाच्या कोठीकडून आला तर दट्ट्याची कडी झिजलेली असते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. उड्डाणापूर्वी एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करून फेऱ्या किती घटतात ते पाहतात. फेऱ्या फार घटल्या तर दोष आहे हे कोणालाही समजते. परंतु त्या मुळीच घटल्या नाहीत तर तेही अशुभ लक्षण आहे. बटण बंद करूनही तो मॅग्नेटो जिवंत आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. मग उभ्या विमानाचा पंखा हाताने फिरवणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

स्पार्क प्लगसारखी क्षुल्लक वस्तू किती मोलाची ठरते, याचे उदाहरण १९३० मधील आहे. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या भारतीयासाठी आगाखानांनी पारितोषिक ठेवले होते. टाटा कराचीहून निघाले होते; अस्पी इंजिनियर इंग्लंडहून इकडे येत होते. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी प्लगवाचून अडकले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले, आणि पारितोषिक अस्पींनी जिंकले. हेच अस्पी इंजिनियर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. या प्रसंगात दिलदारपणा तर आहेच; शिवाय जादा प्लग बरोबर ठेवणाऱ्याची व्यवस्थाही आहे.

दुरुस्तीचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सगळे दोष आपल्याच विमानात शोधून सापडत नाहीत. पुस मॉथ जातीची अनेक विमाने १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हवेत मोडून पडली. पंखांना विशिष्ट परिस्थितीत थरथर सुटते असे तपासाअंती ठरले, आणि पंखाच्या टेकूला एक लहानसा आधार देऊन ती आवरण्यात आली. त्या जातीच्या प्रत्येक मालकाने, आपल्या विमानाला काहीही झालेले नसताना, हा बदल करून घेणे आवश्यक होते. आजही अशा अनिवार्य सूचना निघतात. त्या अमलात आणल्या किंवा नाहीत, हे विमानाकडे पाहून नेहमी कळत नाही. ते नोंदवहीवरून कळते.

आपल्या देशात विमानबांधणीची विद्या दुरुस्तीच्या हातांत हात घालूनच वाढली. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. युद्धकाळात तेथे मुख्य काम झाले ते दोस्तांच्या विमानांच्या दुरुस्तीचे. याच कारखान्यात कोल्हापूरकडील विष्णू माधव घाटगे यांनी काम केले. त्यांनी गोटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली अध्ययन केले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली १९५१ मध्ये एच.टी.-२ हे शिक्षणविमान उडाले आणि १९५८ मध्ये ‘पुष्पक’. दोन आसने, वर बसवलेला पंख, कापडाचे आवरण आणि नव्वद अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल इंजीन, असे हे साधे विमान होते. सुमारे दीडशेहून अधिक पुष्पक विमाने तयार झाली, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतील शिकाऊ वैमानिकांनी त्यांवर हात बसवला. बांधणी थांबल्यावर मात्र प्रत्येक पुष्पक त्याच्या मालकाच्या चिकाटीवर जगू लागले. कारखान्याने पाठ फिरवली, की सुटा भाग मिळवणे हेच निगेचे अर्धे काम होऊन बसते.

अशा परिस्थितीत विक्रीचा प्रश्न येतो. गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहतात. विमानाच्या बाजारात वह्या पाहाव्यात. सांगाडा, इंजीन आणि पंखा यांच्या नोंदी निरनिराळ्या असतात. एकूण किती तास उड्डाण झाले, इंजीन संपूर्ण उकलून शेवटचे केव्हा बांधले, त्यानंतर किती तास झाले, यांवर किंमत ठरते. इंजिनावरील पट्टीचा क्रमांक वहीतील क्रमांकाशी ताडून पाहावा. तपासणीसाठी ग्राहकाने स्वतःचा अभियंता न्यावा. विकणाऱ्याच्या अभियंत्याच्या शब्दावर विसंबू नये. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र चालू आहे का आणि मालकी बदलल्याची नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे झाली का, हेही पाहावे लागते. १९३४ च्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. परंतु सही करणाऱ्याची जबाबदारी पूर्वीइतकीच आहे.

येथे विकणाऱ्याची खरी कसोटी लागते. एखाद्या विमानाचा पंख दहा वर्षांपूर्वी जमिनीला घासला होता. तो नीट दुरुस्त झाला. वहीत हे लिहिले, तर ग्राहक किंमत पाडून मागणार. न लिहिले, तर नव्या रंगाखाली काहीच दिसणार नाही. मोह होतो तो येथेच. परंतु ज्याने विमाने पारखली आहेत तो उलट विचार करतो. चाळीस वर्षांच्या विमानाच्या वहीत एकही अपघात, एकही तडा, एकही चूक नसेल, तर त्याला त्या विमानाची नव्हे, त्या वहीची भीती वाटते. पंख घासल्याची, तुळई बदलल्याची, कोणत्या सरसाने सांधा भरला याची नोंद ज्या वहीत आहे, तिच्यावर तो विश्वास ठेवतो. कारण पुढचा दोष कोठे शोधावा हे ती वही त्याला सांगते.

काही विमाने विकण्याजोगी राहत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. नळ्या आतून पोखरल्या आहेत, लाकूड भुसभुशीत झाले आहे, इंजिनाचे भाग कोठेच मिळत नाहीत, अशा विमानाला स्वस्तात गिऱ्हाईक मिळते. स्वस्त वस्तूला ते नेहमीच मिळते. अशा वेळी नोंदणी रद्द करून घ्यावी आणि विमान मोडून टाकावे. त्याचे निकामी भाग पुन्हा कोणाच्या विमानात शिरणार नाहीत अशा रीतीने नष्ट करावेत. मालकाला यात तोटा होतो. पण ज्या तरुणाने आयुष्यभराची पुंजी मोडून ते विमान घेतले असते आणि आपल्या शेजारच्या आसनावर धाकट्या भावाला बसवून ते उडवले असते, त्याला या तोट्याची कधी वार्ताही लागणार नाही. वहीतील शेवटची नोंद ती असावी: तारीख, कारण आणि खाली स्वच्छ अक्षरात सही.