बुटकी मोटार व घासणारें चाक

वाशीम जिल्ह्यांत कारंजा, शेलूबाजार व मालेगांव यांच्या जवळून समृद्धी महामार्ग जातो. मोटारीस तेथें ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. अशा रस्त्यावर टायर मडगार्डास घासत असेल, तर तें केवळ कानास कटकट देणारें दुखणें राहत नाहीं. घासणारी जागा तापते, कडेचें रबर सोलवटतें, आंतील दोरे उघडे पडतात. आणि वैशाखांतल्या वऱ्हाडी उन्हांत असा टायर भर वेगांत फुटण्याचा संभव असतो.

हें दुखणें बहुधा हौसेनें जडतें. मोटार जमिनीलगत दिसावी म्हणून कोणी स्प्रिंगचे वेढे कापून घेतो, कोणी गॅसच्या ज्योतीनें स्प्रिंग तापवून खालीं बसवितो. हा दुसरा प्रकार तर निव्वळ घातक होय. पोलादाचें पाणीच उतरतें. कापलेली स्प्रिंगहि, खड्ड्यावर चाक लोंबकळलें असतां, बैठकींतून निसटूं शकते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम अशा फेरफारांच्या आड येतें, तें निराळेंच.

बैलगाडीचें चाक फळीस घासूं लागलें कीं शेतकरी आधीं आंस पाहतो, फळी तासावयास घेत नाहीं. मोटारीचा मिस्त्री मात्र पुष्कळदां प्रथम हातोडाच उचलतो!

दोष कोठें आहे तें साधा खडू सांगतो. मडगार्डाच्या कडेस व आंतील प्लॅस्टिकच्या अस्तरास खडू फांसावा, गाडींत चार माणसें बसवावींत, स्टिअरिंग दोन्हीं बाजूंस पुरतें फिरवावें आणि मग एखादा गतिरोधक सावकाश ओलांडावा. खडू वळतांना पुसला गेला, तर चाकाची रुंदी वा बैठक चुकली आहे. गतिरोधकावर पुसला गेला, तर गाडी फार खालीं बसते. कित्येकदां अस्तराची एखादी पिन निसटलेली आढळते, आणि सारा उपचार दोन मिनिटांत आटोपतो.

टायरच्या मापाचें गणितहि अवश्य करावें. १८५/६५ आर १५ च्या जागीं २०५/६५ आर १५ घातला, तर व्यास २६ मिलिमीटरांनीं वाढतो. म्हणजे टायर वर १३ व दोन्हीं अंगांस सुमारें १० मिलिमीटर पसरतो. उंची कमी केलेल्या गाडींत एवढी जागा कोठून यावी? योग्य माप बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें.

तेव्हां मूळ माप व मूळ स्प्रिंगा परत बसविणें हाच पहिला उपाय. मडगार्डाची कड आंत दुमडणें हा अगदीं शेवटचा. तेथें रंग तडकला कीं गंज शिरतो. स्प्रिंगा बदलल्यावर चाकांचें अलाइनमेंट पुन्हां करून घ्यावें लागतें. तें राहून गेल्यास टायर कोठेंहि न घासतां आंतल्या कडेनें झिजत जातो, आणि उभ्या गाडीकडे पाहून तें ध्यानींहि येत नाहीं.