रक्तगट आणि गैरहजर बाप



हमालांची संघटना चालविणाऱ्या माणसाने रक्तावर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नाही. मजुरांच्या कामासाठी दवाखान्यांचे उंबरे झिजविताना आणि रात्री पुस्तके चाळताना जे हाती लागले, तेवढीच आमची पुंजी.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात. मागे राहिलेली दोन जिवांची सून तपासणीला गेली की विचारतात, "नवऱ्याचा रक्तगट काय?" नवरा कुठल्या फडावर आहे, हेच तिला ठाऊक नसते. कुणाचा वारलेला, कुणाचा टाकून गेलेला. वसमतच्या हळदबाजारात पोती वाहणाऱ्या आमच्या एका सभासदाच्या बहिणीला तर "आधी नवऱ्याचा रिपोर्ट आणा" म्हणून परत धाडले. दवाखान्याचे नाव घेत नाही. बाईचा गट ओ निगेटिव्ह होता, आणि निगेटिव्ह बाईला असे परत धाडणे ही साधी गोष्ट नव्हे.

तिच्या रक्तात आर-एच नावाचा पदार्थ नसतो. बापाकडून तो मुलात उतरू शकतो. बाळंतपणात मुलाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. तिचे शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध शस्त्रे घडविते. पहिले मूल बहुधा सुखरूप सुटते. पुढच्या खेपेस ती शस्त्रे वारेतून पलीकडे जाऊन बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. मूल पोटातच दगावते किंवा जन्मताच पिवळे पडते. आणि गाव त्या बाईलाच पांढऱ्या पायाची ठरविते!

१९३९ साली लेव्हिन आणि स्टेट्सन या डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या एका बाईची हकीकत छापली. मूल मेलेले जन्मले, तिला नवऱ्याचे रक्त दिले. दोघांचाही गट ओ, तरी तिला ते बाधले. मुलात उतरलेल्या बापाच्या पदार्थाशी तिचे रक्त आधीच झुंजत होते.

१९६८ पासून यावर अँटी-डीचे इंजेक्शन आहे. एक २८व्या आठवड्याच्या सुमारास. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर ७२ तासांत दुसरे. गर्भ पडला तरी डॉक्टरांना विचारावे. शस्त्रे आधीच तयार झाली असतील तर मात्र हे इंजेक्शन कामाचे नाही. ते आईच्याच रक्ताच्या तपासणीत कळते.

मग बाप हवा कशाला? तो नक्की निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन वाचते, एवढेच. ठाऊक नसेल तर पॉझिटिव्ह धरून चालावयाचे. आपल्या देशात शंभरांतले पंचाण्णवच्या आसपास तसेच असतात. बाळाचा गट नाळेच्या रक्तावरून समजतो. फडावर माणूस धाडण्याचे कारण नाही.

शेजारच्या विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलची गोष्ट निराळी. आई वाहक असेल तर बापाची तपासणी खरोखरच लागते, कारण दोघेही वाहक असले तर दर खेपेस चारांत एक मूल आजारी निघण्याचा संभव. बाप हाती नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे आणि जन्मल्यावर मुलाचे रक्त तपासून घ्यावे.

टोळ्या निघण्यापूर्वी सभासदकार्डावर रक्तगटाचा रकाना घालावा आणि एक प्रत घरच्या बाईजवळ ठेवावी, असे आम्ही संघटनेत मांडले. एक म्हातारा मुकादम म्हणाला, "रक्त कशाला? उचलीला अंगठा पुरतो." रकाना घातला आहे.