माळ्यावरील विजेची गिटार

(नामपूर येथें ज्युबिलीनिमित्त केलेलें भाषण)



गायकवृंदांतील तरुणांनीं आज मला बोलावयास उभें केलें आहे, तें एका जुन्या वाद्यामुळें. 1974 सालीं मुंबईस धोबी तलावावरील एका दुकानांतून मीं कोरी विकत घेतलेली विजेची गिटार यंदा आमच्या माळ्यावरून खालीं उतरली. पत्र्याखालीं बागलाणचे उन्हाळे सोसून तिची मान किंचित वांकली आहे. तारा गंजल्या आहेत. ध्वनिवर्धकास जोडली, तर आवाज मुळींच नाहीं. पुतण्या म्हणतो, आंतील सर्व भाग नवे घालून वर झगझगीत रंग द्यावा. मीं ‘नको’ म्हटलें. कां, तें सांगतों.

या वाद्याचा प्राण लांकडांत थोडा, तारांखालील चुंबकांत फार. चुंबकाभोंवतीं केंसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. वरील पोलादी तार कंप पावली कीं वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेनें 1831 सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. या तत्त्वावरील रिकेनबॅकरची गिटार 1932 च्या सुमारास अमेरिकेंत विक्रीस आली. ती ॲल्युमिनियमची, आकारानें अशी कीं लोक तिला ‘तळणीचा तवा’च म्हणत! ती मांडीवर आडवी घेऊन वाजवीत. तशीच गिटार आडवी ठेवून ब्रिजभूषण काबरा यांनीं आपले राग तीवर आणले. 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांचा सहभाग असलेली ध्वनिमुद्रिका येथील कित्येकांनीं ऐकली असेल.

हे वेढे शाबूत असले, तर पन्नास वर्षांनींही बोलतात. दोष बहुधा क्षुल्लक असतो. आमच्या गिटारींत एक डाख सुटला होता आणि आवाजाच्या बटणांत धूळ बसली होती, इतकेंच. ध्वनिवर्धकाची गोष्ट मात्र निराळी. जुन्या, काचेच्या वाल्व्हच्या यंत्रांतील कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतात, आणि वाजविणाऱ्याच्या बोटांखालीं तर उघडी धातूची तार! जाणत्या कारागिराखेरीज कोणीं त्याचें झांकण उघडूं नये, आणि अर्थिंग तपासल्यावांचून तो लावूं नये.

पॉल मॅकार्टनी यांनीं 1961 सालीं हँबुर्ग येथें सुमारें 30 पौंडांस नवी घेतलेली होफ्नर बास गिटार 1972 मध्यें लंडनांत चोरीस गेली. ती हेस्टिंग्ज येथील एका घराच्या माळ्यावर निघाली. परत मिळाल्याचें 2024 च्या फेब्रुवारींत जाहीर झालें. तिला दुरुस्तीची गरज होती. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत त्यांनीं ती लंडनच्या रंगमंचावर पुन्हां वाजविली.

आमची कांहीं तशी कीर्तिवंत नव्हे. तरी एक गृहस्थ ती विकत मागूं लागले. मूळचे भाग जागच्या जागीं आहेत, याचेंच त्यांस मोल. मला ती विकावयाची नाहीं, गायकवृंदास द्यावयाची आहे. मिस्सेंत तिला स्थान असावें कीं नाहीं, हें फादर ठरवितील. मी सरावापुरतें बोलतों. नव्या तारा चढल्या आहेत, मानेंतील सळई हळूंच पिळून मान सरळ करीत आहों, रंगाच्या टवक्यांस हात लावलेला नाहीं. ध्वनिवर्धक नाशिकच्या कारागिराकडे आहे. तो येईपर्यंत पुतण्या ती विजेवांचूनच वाजवितो. शेजारच्या खोलींतही ऐकूं येत नाहीं, आणि घरांतील वडील मंडळी त्यावर संतुष्ट आहेत.