पेनिसिलिन काढले कोणी?



पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्यामुळे हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. ते शोधले कोणी म्हणाल, तर शाळकरी पोरही फ्लेमिंगचे नाव घेईल. १९२८ साली त्यांनी बुरशीचा गुण ओळखला, हे खरेच. पण आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. आम्ही विचारतो, ते बुरशीच्या पाण्यातून काढले कोणी?

त्या पाण्यात पेनिसिलिन अगदी किंचित, बाकी सारा मळ. उकळून आटवावे तर औषधच नासते. मग करावे काय? मिसळीची तर्री आठवा. तिखटाचा लाल रंग पाण्यात राहत नाही, तेलाबरोबर वर येतो. पेनिसिलिनचेही तसेच, पाणी आंबट केले की ते पाणी सोडून ईथरमध्ये शिरते आणि पुष्कळसा मळ मागे राहतो. मात्र आंबटात ते फार वेळ टिकत नाही. म्हणून सगळे थंडगार ठेवून घाईने उरकायचे. पण ईथरमधून बाहेर कसे आणावे? येथे ऑक्सफर्डची मंडळी अडली होती. १९४० साली नॉर्मन हीटली यांनी सुचवले, की तो ईथर किंचित अल्कधर्मी पाण्याशी घुसळा, ते आपण होऊन पाण्यात परतेल. आणि परतले!

युद्धाचे दिवस, यंत्रे कोठली? हीटलींनी काचेच्या नळ्या, बाटल्या आणि पुस्तकांचे एक टाकाऊ कपाट जमवून यंत्र उभे केले. बुरशी लावायला नि पाणी उपसायला सहा तरुणी नेमल्या. पगार आठवड्याला २ पौंड. १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला हे औषध दिले. साठा इतका तुटपुंजा, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन पुन्हा काढून त्यालाच टोचले. तो सुधारू लागला होता. औषध संपले, आणि मार्चमध्ये तो गेला.

१९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. हीटलींना ऑक्सफर्डने वैद्यकातली सन्माननीय पदवी दिली, ती १९९० साली! त्या सहा जणींची नावे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकली आहेत?

पुढे कारखान्यांत ईथरऐवजी ब्यूटाइल ॲसिटेटसारखी द्रव्ये आली, घुसळायला गरगर फिरणारी यंत्रे आली. जाणे-येणे तेच राहिले. या द्रव्यांची वाफही घशाला झोंबते, ठिणगीने पेट घेते. म्हणून अशा कारखान्यात गेलो की आम्ही पहिल्यांदा त्या खात्यात शिरतो आणि वाफ बाहेर काढणारे पंखे चालू आहेत की नाहीत, ते पाहतो.