जुन्या ऑसिलोस्कोपचें रोगनिदान

ऑसिलोस्कोप हें यंत्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं निदान चित्रांत तरी पाहिलें असेल. हिरवट पडदा, त्यावर आंखलेल्या चौकटी, आणि त्या चौकटींवरून धांवणारी प्रकाशाची एक रेघ. विजेचा दाब क्षणोक्षणीं कसा चढतो व कसा उतरतो, हें ती रेघ आपल्याला डोळ्यांनीं पाहूं देते. या यंत्राचा प्राण जी कॅथोड किरणांची नळी, ती फर्डिनंड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं पुढें आणली. तिच्यापासून भरंवशाचें मापनयंत्र घडविणाऱ्यांत अमेरिकेच्या ऑरेगॉन संस्थानांत १९४६ सालीं निघालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. तिनें १९७२ च्या सुमारास बाजारांत आणलेला ४६५ क्रमांकाचा ऑसिलोस्कोप पुढें प्रयोगशाळांतून आणि दुरुस्तीच्या दुकानांतून सर्वत्र दिसूं लागला. आज मी बोलणार आहें तें त्याच्याविषयीं.

आतां प्रयोगशाळांनीं अंकीय यंत्रें घेतलीं, आणि हीं जुनीं यंत्रें भंगाराच्या तागडींत जाऊं लागलीं. हें पाहून मला हळहळ वाटते, कारण त्यांतील कित्येक यंत्रें मेलेलीं नसतात, आजारी असतात. शाळेंत विज्ञान शिकविण्यांत माझा जन्म गेला आहे. फळ्यावर खडूनें तरंग काढून जें अर्ध्या तासांत मुलांच्या गळीं उतरत नाहीं, तें ही हालती रेघ अर्ध्या मिनिटांत उतरविते. नवें यंत्र घेणें ज्या शाळेला परवडत नाहीं, तिच्या वांट्याला असें एखादें जुनें यंत्र आलें, तर तें फेंकण्यापूर्वीं त्याची नाडी पाहावी, एवढेंच माझें मागणें आहे.

आधीं धोक्याची गोष्ट सांगतों. ४६५ च्या नळीच्या मागल्या टोकाशीं उणे अडीच हजारांच्या आसपास व्होल्ट असतात, आणि पडद्याकडील बाजू धरली तर एकूण दाब सुमारें १८,००० व्होल्टांवर जातो. यंत्र बंद केल्यावरहि हा भार कांहीं काळ आंत टिकून राहतो. म्हणून उच्च दाबाच्या भागावरील झांकण काढूंच नये. तें काम जाणत्याचें आहे. उघडें यंत्र चालू असतांना एक हात पाठीमागें ठेवण्याची संवय जुन्या कारागिरांना असे, ती आपणहि लावून घ्यावी. विद्यार्थ्यांना तर चालू यंत्राच्या पोटांत बोट घालूं देतां कामा नये. नळी निर्वात असते. तिच्यावर कांहीं आपटलें तर कांचेचे तुकडे गोळीसारखे उडतात.

आतां लक्षणें पाहूं. यंत्र ११५ व्होल्टांसाठीं लावलेलें आहे कीं २३० साठीं, हें वीज देण्यापूर्वीं पाहावें. परदेशांतून आलेल्या यंत्राच्या बाबतींत हा प्रश्न नेहमीं उभा राहतो. दिवा लागला पण पडद्यावर रेघ नाहीं, तर लगेच पेंचकस शोधूं नये. ट्रिगरची खूण ‘ऑटो’वर आणावी, कारण ‘नॉर्मल’वर असतां बाहेरून तरंग आल्यावांचून रेघ निघतच नाहीं. मग उजेड वाढवून ‘बीम फाइंड’ हें बटण दाबावें. तें दाबलें म्हणजे बाहेर भटकणारा किरण आखडून पडद्याच्या आंत येतो. ठिपका किंवा आखूड रेघ दिसली, तर नळी जिवंत आहे, तिचा उच्च दाबहि शाबूत आहे. दोष किरणाला वर-खालीं अथवा आडवें ओढणाऱ्या भागांत आहे. केवळ एका बटणानें अर्धें निदान झालें! ठिपका दिसतांच उजेड मात्र कमी करावा, नाहींतर एका जागीं स्थिर राहिलेला किरण पडद्याचा लेप जाळतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे पुरवठा तपासणें. या यंत्रांत उणे ८, आणि ५, १५, ५५ व ११० व्होल्टांचे निरनिराळे पुरवठे आहेत. पैकीं ५५ चा पुरवठा हा बाकीच्यांचा आधार. तो ढळला कीं सारींच मापें ढळतात. आमच्याकडे पेंचकस हातांत आला कीं दिसेल तो स्क्रू पिळून पाहण्याची एक खोड आहे. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत मूळ रोग एक आणि पिळापिळीनें जडलेले रोग चार, असा प्रकार मीं कैक वेळां पाहिला आहे. पुरवठे बरोबर आहेत असें मीटर सांगेपर्यंत एकाहि स्क्रूला हात लावूं नये.

एखादा पुरवठा अगदींच बसलेला असेल, तर वीज काढून, भार उतरल्यावर, त्याचा जमिनीशीं असलेला रोध मोजावा. तो दोन-चार ओहम भरला तर कोठें तरी आडजोड झाली आहे, आणि या जातीच्या यंत्रांत संशयित बहुधा ठरलेला: टँटलमचा थेंबासारखा दिसणारा लहान कॅपॅसिटर. हे कॅपॅसिटर वर्षानुवर्षें चांगलें काम करतात, आणि एके दिवशीं आंतल्या आंत चिकटतात. शेजारीं एखादा रोधक जळून काळा झालेला आढळतो; तो गुन्हेगार नव्हे, साक्षीदार. तो बदलला तरी कॅपॅसिटर काढीपर्यंत नवाहि जळेल. १५ व्होल्टांच्या वाटेवर नवा कॅपॅसिटर २५ किंवा ३५ व्होल्टांचा घालावा, आणि उलटा बसवूं नये. पुरवठा बसलेला नाहीं पण रेघ थरथरते, असें असेल तर मोठ्या कॅपॅसिटरांतील द्रव वाळला असावा. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर ही थरथर सेकंदास १०० वेळां उमटते.

पुरवठे चोख, आणि तरी रेघ वर किंवा खालीं पळालेली, अशा वेळीं एक सुंदर युक्ति आहे. उभ्या दिशेचा अँप्लिफायर तराजूसारखा असतो. त्याच्या दोन बाजू एकमेकींना तोलून धरतात. शेवटच्या टप्प्याचीं दोन प्रवेश-टोकें एका लहान तारेनें क्षणभर एकत्र जोडावीं. रेघ मध्यावर आली तर त्या टप्प्यापासून पुढें सारें ठीक. मग एक टप्पा मागें जावें, पुन्हां जोडावें. असें मागें मागें जातां जातां जेथें रेघ मध्यावर येईनाशी होते, तोच टप्पा आजारी. ही तार नळीच्या मागील बाजूस मात्र कधींहि नेऊं नये. पुष्कळ ट्रान्झिस्टर या यंत्रांत खोबणींत बसविलेले आहेत. वीज बंद करून ते अलगद काढून पुन्हां बसविले, तर गंजलेला स्पर्श कधीं कधीं तेवढ्यानेंच सुधारतो. मुठी फिरवितांना रेघ उड्या मारीत असेल, तर स्विचाचे सोन्याचा मुलामा दिलेले स्पर्श कागदाच्या पट्टीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे. सँडपेपरनें तो मुलामाच निघून जातो.

मापन-पुस्तिका जवळ असावी. कंपनीनें त्या काळीं प्रत्येक यंत्राबरोबर सर्किटचा संपूर्ण नकाशा आणि ठिकठिकाणचे दाब छापून दिले होते, आणि त्याच्या प्रती आज इंटरनेटवर मिळतात. रेघ जराशी तिरपी दिसली तर तो रोग नव्हे. पृथ्वीच्या चुंबकत्वानें ती कलते, आणि टेबल फिरविलें तर तिचा कलहि बदलतो. त्यासाठीं पुढच्या बाजूस एक निराळा स्क्रू आहे. शेवटीं यंत्रांतूनच निघणारा, सुमारें १००० आवर्तनांचा चौकोनी तरंग दहापट प्रोबमधून त्यालाच द्यावा. तरंगाचे कोपरे गोल अथवा टोकदार दिसले, तर प्रोबवरील बारीक स्क्रू माथा सपाट होईपर्यंत फिरवावा, आणि मग यंत्र वर्गांत न्यावें.