पत्रातली मैत्रीण



जी. ए. कुलकर्णी मराठीतले मोठे कथाकार. पण आयुष्य गेलं कर्नाटकात, धारवाडला. तिथं ते कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. माणसांत फारसे मिसळत नसत. सुनीताबाई देशपांडे त्यांना पत्रं लिहायच्या. पुस्तकांवर, माणसांवर, स्वतःच्या मनावर, अगदी मोकळेपणानं. १९८७ साली जी. ए. गेले. पत्रं राहिली, ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात ती आजही वाचता येतात.

आपल्या बचत गटात ठरावाच्या वहीवर प्रत्येकीची सही असते. मनातलं मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. फोनवरचं बोलणं विरून जातं. म्हणून या आठवड्यात दूर दिलेल्या बहिणीला, मैत्रिणीला चार ओळी लिहा. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.