आकाशाचे तळे आणि न्यायाचा हिशेब



२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जे सार्वजनिक आहे त्यावर सर्वांचा सारखा हक्क, हा त्याचा अर्थ.

आकाशही असेच सार्वजनिक तळे आहे. कोळसा-तेल जाळले की निघणारा कार्बन वायू तिथे शेकडो वर्षे साचतो आणि पृथ्वी तापते. या जळणातून आजवर साचलेल्या वायूत जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, भारताचा तीन-चार टक्के. आजही तिकडे माणशी वर्षाला सुमारे १४ टन, आपल्याकडे दोनच्या आसपास. म्हणूनच १९९२ साली रिओ परिषदेत ठरले, की जबाबदारी सर्वांची, पण भार ज्याच्या-त्याच्या वाट्याप्रमाणे व ऐपतीप्रमाणे.

पण मंडळी, दोन टन ही सरासरी झाली! पाऊस हुकला की आपल्या कवठे येमाईच्या शेतमजूर बाईची मजुरी बुडते. तिचा धूर चुलीपुरता. बंगला-मोटारवाल्यांनी तिच्या गरिबीआड का लपावे? जगाकडे हिशेब जरूर मागू. तोच हिशेब आपल्या देशातल्या धनिकांकडेही मागू.

जयभीम.